वासाची अट

नंदूमामाच्या हेन्डरसन उपनगरातल्या घरात मला जी खोली मिळाली ती लाँड्रीला लागून होती. भिंतीपलीकडे वॉशिंग मशीन फिरायला लागलं की माझा पलंग हलायचा. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. पुण्यात मसाल्याच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलचं काम करून, हळदीतला ओलावा आणि मिरचीतलं भुसकट मोजून, मी न्यूझीलंडला डिप्लोमा करायला आले होते. सव्वीस म्हणजे काही लहान वय नव्हे. पण तोपर्यंत मी फक्त आईच्या घरात राहिले होते. आईच्या घरात आपण वयाने वाढतो. दुसऱ्याच्या घरात राहायला लागलं की कुठे बसायचं, किती खायचं, कधी हसायचं हे शिकावं लागतं, आणि ते शिक्षण माझं त्या घरात झालं. लाकडी भिंतींचं, कार्पेट घातलेलं, कोपऱ्यावरच्या डेअरीपासून, म्हणजे इथल्या किराणा दुकानापासून, तिसरं घर. पावसाळी हिवाळ्यात त्याच्या खिडक्यांवर आतून पाणी साचायचं आणि मामी रोज सकाळी ते जुन्या टॉवेलने पुसून घ्यायची.

मामा आयटीत होता, मोठ्या हुद्द्यावर. माझ्या आईचा धाकटा भाऊ. लहानपणी सुट्टीत तो आला की आम्ही सगळी मुलं त्याच्याभोवती गोळा व्हायचो, इतका तो हसवायचा. त्याच्या घरात राहायला आल्यावर मला कळलं की त्याच्या प्रत्येक विनोदात एक माणूस आडवा पडलेला असतो आणि बाकीचे हसतात. आपली पाळी नसली की खूप बरं वाटायचं. मी आंघोळीला जरा वेळ लावला तर दाराबाहेरून, "वैजू, आत ऑडिट चाललंय का?" मामीने भाकरी केली आणि ती फुगली नाही तर ती दोन बोटांत उचलून, "हिला व्हिसा नाकारलेला दिसतोय." मामी हसायची. वृंदामामी मुळात वाईट बाई नव्हती, दातांच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला बसून दिवसभर लोकांशी गोड बोलून घरी यायची, आणि घरी आल्यावर तिच्यात कुणाची बाजू घेण्याएवढं बळ उरलेलं नसायचं. त्यांची मुलगी सई दहा वर्षांची होती. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीतून. मी इथे तिचं बोलणं बहुतेक मराठीत देते आहे.

सईकडे दोन गिनीपिग होत्या. दोन्ही माद्या. फिजोआ तपकिरी आणि अंगाने गोल, पिकल काळी-पांढरी, कायम कान टवकारलेली. मी यायच्या आधी वर्षभर तिने त्यांच्यासाठी हट्ट केला होता. मामा एका गिनीपिगला तयार झाला तेव्हा तिने लायब्ररीतल्या पुस्तकातलं पान त्याला वाचून दाखवलं होतं, की हा प्राणी एकटा ठेवणं म्हणजे त्याचे हाल करणं आहे. म्हणून दोन. पिंजरा बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या डाव्या कोपऱ्यात. गॅरेजमध्ये गारठा आणि गाडीचा धूर, म्हणून तिथे नको हेही पुस्तकातच होतं. त्या घरातला मला सर्वांत प्रिय आवाज त्या दोघींचा होता. कुकरची शिट्टी झाली की त्या उत्तर द्यायच्या, बारीक, चढत जाणारी शीळ. मामीने कोथिंबीर निवडायला घेतली आणि प्लॅस्टिकची पिशवी वाजली की त्यांचं एकच गाणं सुरू व्हायचं. काड्या त्यांना, पानं आम्हाला. मामी म्हणायची, "पुण्यात भाजीवालीसुद्धा एवढं बोलवत नाही." तेवढी एकच वेळ असायची जेव्हा ती त्यांच्याकडे बघून हसायची.

कारण घराला वास येत होता. हे मी पहिल्या दिवशीच नाकाने नोंदवलं होतं, बोलले नव्हते. खिडक्या बंद, हीट पंप चालू, कार्पेट दमट, आणि पिंजऱ्यात खाली लाकडाचा भुसा, जो आठवड्यातून एकदा बदलला जायचा. अमोनियाचा तो वास डोळ्यांच्या मागे जाऊन बसतो. मामा ऑफिसमधून आला की दारातच उभा राहून मोठा श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "आहाहा. उंदरांनो, मी आलो." सई पिंजऱ्याशी जाऊन बसायची, त्यांच्यापुढे हात आडवा धरून, जणू त्यांना ऐकू जाऊ नये.

ऑगस्ट संपता संपता गणपती होते. मामाकडे दीड दिवसाचा गणपती बसायचा आणि पहिल्या संध्याकाळी ओळखीची सगळी मराठी मंडळी आरतीला यायची. त्याच्या तीन आठवडे आधी जेवताना त्याने विषय काढला. मला ते जेवण आठवतं. मुगाची खिचडी होती, पापड होते, आणि मामा पापडाने खिचडी उचलत होता.

"गणपतीला तीस-चाळीस माणसं येणार," तो म्हणाला. "ती नाक घरी ठेवून येणार नाहीत. सई, आपण सरळ हिशेब करू. त्या दिवशी एकाने जरी वासाचं नाव काढलं, तर उंदीर बाहेर. कुणीच काढलं नाही, तर राहतील. कायमचे. मी पुन्हा बोलणार नाही."

"एकानेसुद्धा?"

"एकाने."

सईने चमचा खाली ठेवला. ती मामाची मुलगी होती, घासाघीस तिला रक्तातून आलेली. "पण तू विचारायचं नाही. तू त्यांना सांगायचंही नाही. त्यांनी स्वतःहून म्हटलं तरच."

"कबूल."

"आईने पण नाही."

"अगं मी कशाला विचारू," मामी म्हणाली. "मी तर देवाजवळ मागतेय की कुणाला येऊ नये."

"शेक हँड्स," सई म्हणाली. मामाने पापडाचा हात पुसला आणि हात मिळवला. मग माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मला तेव्हा वाटलं की यात काही वाईट नाही. अट स्पष्ट होती, मुदत होती, पंच बाहेरचे होते. कारखान्यात आम्ही याहून ढिल्या अटींवर माल पास केला आहे.

आमचं काम दुसऱ्या दिवशी सुरू झालं. वास घालवायचा तर आधी तो कुठे राहतो हे शोधावं लागतं. वासावर वास ओतणं हा आपल्याकडचा खास उपाय, आणि तो मी पहिल्याच दिवशी बाद केला. उदबत्ती नाही, कापूर नाही, स्प्रे नाही, सुगंधी भुसा नाही. या प्राण्यांची फुप्फुसं नाजूक असतात. सईला मी हे सांगितलं आणि तिने ते पाठ केलं. मग आम्ही पिंजरा रिकामा करून गुडघ्यावर बसून बघितलं. ओल सगळीकडे नव्हतीच. त्या दोघी गवत खाता खाताच मुतायच्या, म्हणजे गवताच्या जाळीखालचा कोपरा आणि झोपायच्या लाकडी घराच्या आतला कोपरा, एवढ्या दोनच जागा. बाकी पिंजरा जवळजवळ कोरडा. आम्ही भुसा काढून टाकला. खाली जुन्या फ्लीसच्या पांघरुणाचे तुकडे घातले, त्याखाली टॉवेल. गवताच्या खाली बेकिंगचा एक पसरट ट्रे ठेवला आणि त्यात कागदाच्या गोळ्या, पाणी शोषणाऱ्या. ट्रे रोज रिकामा. लेंड्या सकाळ-संध्याकाळ झाडायच्या, त्या सुक्या असतात, त्यांचा त्रास नसतो. तळाच्या प्लॅस्टिकवर मुताचा पांढरा थर धरला होता, तो साबणाने जात नव्हता. अर्धं पाणी अर्धं व्हिनेगर ओतून थोडा वेळ ठेवलं, आणि तो नखाने निघाला. सई ओरडली, "वैजूताई, इट्स कमिंग ऑफ!" लॉटरी लागल्यासारखी.

फ्लीस धुण्याआधी अंगणात झटकायचं, केस काढायचे, सॉफ्टनर घालायचा नाही, नाहीतर पाणी खाली झिरपत नाही. लाकडी घर टाकून दिलं, कारण लाकडाने प्यायलेलं बाहेर येत नाही, आणि त्याऐवजी पुठ्ठ्याचं खोकं, मळलं की नवीन. कोबी आणि फ्लॉवरची पानं बंद, कोथिंबीर आणि सिमला मिरची चालू. खोलीतला ओलावा मी मोजला तर अठ्ठ्याहत्तर टक्के होता. मामाच्या कपाटात पडून असलेला डीह्युमिडिफायर काढला, तो साठावर आणला. कार्पेटवर बेकिंग सोडा पसरून, रात्रभर ठेवून, व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घेतला.

राहिला प्रश्न मोजण्याचा. नाक फार लवकर सरावतं, घरातल्या माणसाला घराचा वास येत नाही. म्हणून आम्ही एक पद्धत ठरवली. घराबाहेर पडायचं, लेटरबॉक्सपर्यंत जायचं, तिथे थंड हवेत उभं राहून नाक मोकळं करायचं, आणि आत येऊन पहिल्या श्वासाला आकडा द्यायचा. शून्य ते पाच. दोघींनी वेगवेगळा, एकमेकींना न सांगता, बोटांवर. सुरुवातीला माझे चार, तिचे तीन. मग तीन, दोन. पाऊस असेल तर छत्री घेऊन. शेजारच्या घरातला म्हातारा खिडकीतून आमच्याकडे बघायचा. लेटरबॉक्सपर्यंत जाऊन, काहीही न काढता, डोळे मिटून परत फिरणाऱ्या दोघी. एका दुपारी सई आत आली, दारात थांबली, आणि तिने मूठ वर केली. बंद मूठ. शून्य. मीही मूठच धरली होती. ती इतकी हसली की तिला उचकी लागली.

मी आज टौरंगा शहरात किवीफळांच्या पॅकहाउसमध्ये हेच काम करते, आकडे देण्याचं. अनेक माणसांना शिकवलं आहे. त्या पोरीइतकं प्रामाणिक नाक मला पुन्हा मिळालं नाही. दोन आला तर दोनच सांगायची, स्वतःचं नुकसान होत असूनही.

गणपतीच्या आदल्या दिवशी मामीने पैठणी काढायला पलंगाखालची बॅग ओढली. सई आणि मी तिथेच बसून दूर्वांच्या जुड्या करत होतो. बॅग उघडली आणि डांबरगोळ्यांचा तो ओळखीचा वास आला. मामीने साडी नाकाशी धरली. "बघ, तीन वर्षं बंद होती. कुबट नाही, दमट नाही. आईने दिलेल्या गोळ्या. या असल्या की कसलाही वास राहत नाही." एवढंच ती म्हणाली. कुठल्याही मराठी घरात, कुठलीही बाई, साडी झटकता झटकता म्हणेल तेवढंच. मी दूर्वा मोजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मूर्ती बसली. मी आणि सई लेटरबॉक्सपर्यंत जाऊन आलो. शून्य, शून्य. मग मी स्वयंपाकघरात गेले, आणि संध्याकाळपर्यंत मोदकांच्या उकडीतून माझे हात बाहेर आले नाहीत. मंडळी पाचपासून यायला लागली. दाराशी बुटांचा आणि जँडल्सचा, म्हणजे इथल्या रबरी चपलांचा, ढीग, आत रेशमाची सळसळ, टाळ, झांजा. पाऊस असल्याने खिडक्या बंद, मामाने हीट पंप वाढवलेला. आरती झाली. पिंजऱ्यापाशी लहान मुलांची गर्दी होती आणि कुणीतरी बाई म्हणाली, "अगंबाई, बाप्पा वाहन घेऊनच आले की!" सगळे हसले. सई त्या बाईकडे असं बघत होती की जणू ती न्यायाधीश आहे आणि तिने आत्ताच निम्मा निकाल दिला आहे.

मी मोदकांचं ताट घेऊन बाहेर आले, आणि दारातच मला तो वास आला. गिनीपिगचा नाही. दुसराच, तिखट, गोडसर, खाली मुताची ओल आणि वर काहीतरी रासायनिक. तो काय आहे हे मला सुचायच्या आत श्रीरंगकाका बोलले. मामाचा जुना मित्र, मोठ्या आवाजाचा, मनाने साधा माणूस. हातात मोदक घेऊन ते पिंजऱ्याच्या बाजूला उभे होते.

"नंद्या, अरे काय हे! एसटी स्टँडच्या मुतारीत उभा आहे असं वाटतंय!"

खोलीभर हशा पिकला. तीस माणसं, सगळ्यांनी ती मुतारी पाहिलेली, तिथल्या त्या पांढऱ्या गोळ्या पाहिलेल्या. हसणं अगदी घरच्यासारखं होतं, आठवणीचं. "अरे हो रे, अगदी तोच!" कुणी म्हणालं. कुणी नाकाला पदर लावला. त्या सगळ्या खोलीत एकच जण हसत नव्हती. सई माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "व्हॉट्स मुतारी?"

मी काही बोलायच्या आत मामाने ते ऐकलं. "पब्लिक टॉयलेट, बेटा," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पुरुषांचं."

मग तो खुलला. त्याने टाळ्या वाजवून सगळ्यांना गप्प केलं आणि अट सांगितली. पापड, हात मिळवणं, सईची घासाघीस, सगळं नकलेसहित. लोक हसून हसून वाकले. "आणि या गृहस्थांनी," श्रीरंगकाकांच्या खांद्यावर हात ठेवून, "स्वतःहून, कुणीही न विचारता, निकाल दिलेला आहे!"

"अरे, मला काय माहीत," श्रीरंगकाकांचा चेहरा उतरला. "जाऊ दे रे. लेकरू आहे. मी शब्द परत घेतो."

"शब्द परत घ्यायला ती काय लायब्ररी आहे?" मामा म्हणाला. परत हशा.

मी ताट खाली ठेवलं. "मामा, हा त्यांचा वास नाही. या डांबरगोळ्या आहेत. विषारी असतात, आधी त्यांना बाहेर काढू या."

"आधी तुझा डिप्लोमा होऊ दे," मामा म्हणाला, "मग माझ्या घरात तपासणी कर."

मी पिंजऱ्याचं दार उघडलं. त्याला सगळ्यांसमोर मला हात धरून थांबवता येईना, म्हणून तोही वाकला आणि फ्लीस त्यानेच उचललं. गवताच्या ट्रेमागे, कोपऱ्यात, सईच्या शाळेच्या गणवेशाचा मोजा होता, गाठ मारलेला. मामाने तो दोन बोटांत उचलला, भाकरी उचलायचा तसा. मोज्याच्या टोकाला कुरतडून पाडलेलं भोक होतं आणि त्यातून एक पांढरी गोळी कार्पेटवर पडली.

"हा कुणाचा पराक्रम?"

सईने हात वर केला. शाळेत करतात तसा.

"माझ्या पैठणीतल्या!" मामी म्हणाली, आणि तिच्या तोंडून हसू निसटलं. ती पुढे काही बोलणार होती, पण सगळेच हसले.

"पण का?" मामाने विचारलं. "सांग ना सगळ्यांना. इट्स अ गुड स्टोरी."

"आई म्हणाली यांनी कसलाही वास राहत नाही," सई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. बाकीच्यांशी तिला बोलायचं नव्हतं. "तू सेंटेड म्हणाली होतीस. दिस इजन्ट सेंटेड. दिस इज फॉर नो स्मेल."

मी दोघींना खोक्यात घालून माझ्या खोलीत नेलं आणि खिडकी उघडी टाकली. फिजोआ कोपऱ्यात जाऊन बसली. पिकलच्या तोंडाला लाळ होती. व्हेटला फोन केला, सुट्टीची वेळ होती, फोनवरची बाई म्हणाली मोकळी हवा द्या, सकाळी घेऊन या. बाहेर भजनं सुरू झाली होती.

सकाळी पिकल मेलेली होती. कडक झालेली, एका कुशीवर. मी सईला बोलवायच्या आधी मामीला बोलवलं. मामीने तोंडावर हात ठेवला, आणि मग तिच्या डोळ्यांत जे आलं ते पाहून मी चकित झाले. ती भ्याली होती. "गणपती बसलाय घरात," ती कुजबुजली. "घरात मूर्ती असताना मेलं. वैजू, कुणाला बोलू नकोस. आत्ता काही करायचं नाही. संध्याकाळी विसर्जन होऊ दे, मग काय ते." तिच्यासाठी तो खरा प्रश्न होता. तिने जुन्या बुटांच्या खोक्यात पिकलला ठेवलं, वर किचन टॉवेल पसरला आणि खोकं गॅरेजमध्ये, रंगाच्या डब्यांच्या फळीवर नेऊन ठेवलं. त्याच गॅरेजमध्ये, जिथे गारठ्यामुळे तिला ठेवायचं नाही असं पुस्तकात होतं.

सईला सांगितलं ते मामाने. न्याहारीच्या टेबलावर, तिखटामिठाचा सांजा खाताना. ती उठून गॅरेजकडे निघाली तर मामीने तिला धरलं. आत्ता नाही. देवाला नैवेद्य व्हायचाय. रडायचं नाही, बाप्पा घरात असताना रडत नाहीत. जवळचे लोक विसर्जनाला यायचे आहेत, त्यांना सांगायचं नाही. सईला परकर-पोलका घातला. दुपारभर ती देवासमोरच्या चटईवर बसून होती, आणि दर थोड्या वेळाने गॅरेजच्या दाराकडे बघत होती. फिजोआ माझ्या खोलीतून शीळ घालत होती. कोथिंबिरीसाठी घालायची ती नव्हे. एकच सूर, थांबून थांबून. दोन-तीन कुटुंबं आली, आरती झाली, सईच्या हातात निरांजन दिलं. मागच्या अंगणात बादलीत पाणी भरून ठेवलं होतं, त्यात मूर्ती बुडवली. "गणपती बाप्पा!" मामा ओरडला आणि तिच्याकडे बघितलं. तिने म्हटलं, "मोरया." "पुढच्या वर्षी!" "लवकर या." आवाज स्वच्छ होता, न चुकता.

लोक गेल्यावर लिंबाच्या झाडाखाली खड्डा केला. मी खणला. मामा छत्री धरून उभा होता. "चला," तो म्हणाला, "दोन्ही विसर्जनं एका दिवसात आटोपली."

मामा हा किस्सा अजून सांगतो. गेल्या वर्षी आमच्याकडे आला होता तेव्हा माझ्या नवऱ्याच्या मित्रांना सांगितला. श्रीरंगकाकांचा आवाज अगदी हुबेहूब काढतो, मोजा दोन बोटांत धरतो, आणि "फॉर नो स्मेल" वर सगळे हमखास हसतात. त्याच्या किश्श्यात पिकल मरत नाही.

फिजोआचा निकाल लागायचा होता. सईने दोन दिवस काही मागितलं नाही. मग एका संध्याकाळी मामा सोफ्यावर असताना ती त्याच्यासमोर उभी राहिली. तिने तयारी केली होती. म्हणाली, आता एकच आहे, म्हणजे वास निम्मा. सकाळी मी आणि वैजूताईने आकडा घेतला, शून्य आला. काकांना जो वास आला तो गिनीपिगचा नव्हता, गोळ्यांचा होता. आणि अट गिनीपिगच्या वासाची होती.

"अट वासाची होती," मामा म्हणाला. "कशाचा, हे तू लिहून घेतलं नाहीस."

हे मला आजही खुपतं. शब्दशः तो बरोबर होता. 'वासाचं नाव काढलं तर,' असेच शब्द होते. मी मध्ये पडले. मी म्हटलं, मामा, तिने तीन आठवडे जे करून दाखवलं ते तरी बघ. तो म्हणाला, "वैजू, तू इथे पाहुणी आहेस. पाहुण्यांनी दोन्ही वेळ जेवावं." मग सईकडे वळून, अगदी समजुतीच्या आवाजात, इतक्या मायेने की क्षणभर मलाही वाटलं की तो विरघळला: "आणि बेटा, तूच मला ते पान वाचून दाखवलं होतंस ना? एकटीला ठेवणं म्हणजे तिचे हाल. मग तुला तिचे हाल करायचे आहेत का?"

"दुसरी आणू या," असं सई म्हणाली, पण म्हणतानाच उत्तर तिला कळलं होतं.

मामाने ऑनलाइन जाहिरात टाकली. शनिवारी सकाळी एक बाई आल्या, पन्नाशीच्या, पावसातही जँडल्स घातलेल्या, स्वेटरला गवताच्या काड्या. त्यांच्याकडे आणखी पाच गिनीपिग होत्या. "किया ओरा," असा माओरी नमस्कार त्यांनी दारातच सईला केला, मामाला नाही, आणि सरळ पिंजऱ्याशी गुडघ्यावर बसल्या. सईने त्यांना सगळं सांगितलं. ट्रे रोज, फ्लीस आधी झटकायचं, सॉफ्टनर नाही, व्हिनेगर अर्धं-अर्धं, कोबी नको, कोथिंबिरीच्या काड्या आवडतात. डोळे कोरडे, आवाज सपाट, कामाचं बोलतात तसा. बाई मध्ये मध्ये मान हलवत होत्या. मग त्यांनी फिजोआला उचललं, तिच्या मानेच्या केसांत नाक खुपसलं, पिंजऱ्यात वाकून तिथेही हुंगलं. जनावरं पाळणारे लोक करतात तसं, सवयीने.

"शी डझन्ट स्मेल अॅट ऑल," त्या म्हणाल्या. "नुसता गवताचा वास. मी इतक्या घरांतून आणल्या, इतकी स्वच्छ कुणी ठेवलेली पाहिली नाही."

"वी डू अवर बेस्ट," मामा म्हणाला. तो खरंच खूश झाला होता. कौतुक कुणी केलं तरी त्याला आवडायचं.

सई बाईंकडे बघत होती. "परत म्हणाल?" तिने विचारलं.

"काय गं?"

"तुम्ही आत्ता म्हणालात ते."

बाईंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून, कारण त्यांना वाटलं पोरीला जरा कमी ऐकू येतं. मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. मी होते. सईने वडिलांकडे मान वळवली आणि थांबून राहिली.

मामाने तोवर पिंजऱ्याची एक कड धरली होती. पिंजरा मोठा होता, एकट्याने उचलण्यासारखा नव्हता. "सई," तो म्हणाला, "बघत काय राहिलीस? त्यांना लांब जायचंय. धर तिकडून."

तिने धरली.